तिसरं इंजिन

मोशीच्या खाणीत दुर्गाबाईंच्या ट्रकचं तिसरं इंजिन गेलं, तेव्हा चढाच्या मधोमध निळ्या धुराचा असा लोट उठला की घण मारणाऱ्या माणसांनीही घण खाली ठेवले. कोंडाजी ड्रायव्हर खाली उतरला नाही. उतरून करणार काय? पहिल्या दोन खेपांना तो उतरला होता, झाकण उघडून आत डोकं घातलं होतं, आणि जमलेल्या लोकांनी इंजिनाऐवजी त्याचंच तोंड बघून घेतलं होतं. या खेपेला त्यानं चाकांमागं दगड लावायला हाळी दिली आणि स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला.

हा कोंडाजी नदीपलीकडच्या निघोज्याचा. आजा गाडीवान, बाप गाडीवान आणि वयाच्या तिशीपर्यंत हाही गाडीवानच. मग पिंपरीकडं कारखान्यांच्या इमारती उठायला लागल्या, दगडाला आणि खडीला मागणी आली, आणि त्रेपन्न साली दुर्गाबाईंनी देहूरोडच्या लष्करी लिलावात लढाईतला एक ट्रक उचलला. ठेंगणा, बसक्या नाकाचा, चारी चाकांनी ओढणारा. खाणीच्या तळातून भरल्या अंगानं वर येईल अशी दुसरी गाडी त्या मुलखात नव्हती. बाईंच्या सहा गाडीवानांपैकी एकट्या कोंडाजीनं "मी शिकतो" म्हणून हात वर केला आणि पुण्याला खेटे घालून घालून लायसन काढलं. निघोज्यात लायसन असलेला तो पहिला माणूस. त्याची आई ते लायसन देव्हाऱ्यात ठेवायची आणि तो रोज सकाळी तिथून उचलायचा. त्याला हसू यायचं, पण त्यानं ते कधी दुसरीकडं ठेवलं नाही.

दुर्गाबाई म्हणजे मोठी खमकी बाई. नवरा गेल्यावर दिरांनी खाण विकून टाकायचा सल्ला दिला, तेव्हा त्यांनी दिरांना चहा पाजून वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून खाणीच्या तोंडाशी खाट टाकून बसायला लागल्या. त्यांचा आवाज तळापर्यंत पोचायचा. त्या दिवशी मात्र त्यांनी कोंडाजीला जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं, आणि तेच जास्त झोंबलं.

"पयलं इंजिन पाच महिने टिकलं. दुसरं चार. हे तीन बी न्हाई," त्या म्हणाल्या. "ट्रकबरोबर जादाची दोन घेतली व्हती, ती बी संपली. आता मिस्तरी तिन्हीतलं बरं-बरं काढून एक जुळवतोय. ते पावसाच्या तोंडापातूर टिकलं तर ठीक. न्हाईतर ट्रक भंगारात जाईल, दगड पुन्हा बैलगाड्यांवर, आन् तू बी बैलगाडीवर. ऐकलंस?"

"ऐकलं, बाई."

"कारण काय, सांगता येतंय का तुला?"

"न्हाई. पर शोधून काढतो."

बैलगाडीची त्याला लाज नव्हती. पण एकदा ते स्टिअरिंग हातात घेतलं, तो चढ खालून वर सर केला, आणि गावची पोरंबाळं "कोंडातात्याची गाडी आली" म्हणून रस्त्यावर धावली, की मग परत कासरा धरायचा म्हणजे आपलीच मान आपण खाली घालायची. ते त्याला नको होतं. हे इंजिन टिकलंच पाहिजे, असं त्यानं मनाशी घट्ट धरलं.

आता या तिसऱ्या इंजिनावरून खाणीत भांडण पेटलं होतं, ते कशाचं ते सांगायला हवं. इंजिनाला पेट्रोल लागतं तशी हवाही लागते, आणि ती हवा गाळून घ्यावी लागते. ट्रकबरोबर लष्कराचं जे भांडं आलं होतं ते साधं, पत्र्याचं: तळाला तेल, वर तारेची जाळी. हवा त्यातून फिरून जाते, धूळ तेलात बसते. पहिली दोन इंजिनं या भांड्यावर चालली आणि गेली. खोलल्यावर आतून दोन्ही सारखीच दिसली, सिलिंडर ओरखडलेले आणि रिंगा झिजून पातळ झालेल्या. इंजिनानं धूळ खाल्ली होती, यात कुणालाच शंका नव्हती.

तेव्हा पुण्याच्या कँपातून उद्धवराव नावाचे गृहस्थ आले. मोटारींच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान होतं आणि बोलणं एकदम गोड. त्यांनी एक मोठा, ढोलासारखा फिल्टर दाखवला. त्याची नळी ट्रकच्या टपाच्याही वर जाणारी, आणि नळीच्या टोकाला काचेची बरणी. धूळ खाली असते, हवा वर घ्यावी, आणि जी धूळ येईल ती बरणीत जमताना मालकाला डोळ्यांनी दिसावी, असं त्यांचं सांगणं. दुर्गाबाईंना ती बरणी फार आवडली. संध्याकाळी त्या मुद्दाम ट्रकपाशी जाऊन बरणीत किती धूळ साठली ते बघायच्या आणि समाधानानं मान हलवायच्या.

ज्योतीराम मिस्तरीला मात्र ती बरणी आवडली नव्हती. हा सातारकडचा, खटावचा माणूस. लढाईत चार वर्षं मिसरच्या वाळवंटात लष्करी गाड्या चालवून आणि दुरुस्त करून आलेला, आणि त्यामुळं धुळीच्या बाबतीत तो कुणाचं ऐकून घ्यायचा नाही. "बाई, ही बाहेरची सोंगं कशापायी? हाय तेच भांडं रोज धुवा, रोज तेल बदला," असं तो फटकळपणे बोलून गेला होता. मग बाईंनी फर्मावलं म्हणून त्यानं तो नवा फिल्टर बसवला. आणि नव्या फिल्टरवर इंजिन जुन्यापेक्षाही लवकर गेलं.

उद्धवराव मोटारसायकलवरून येऊन बघून गेले. जाताना बाईंच्या कानात सांगून गेले, "फिल्टरात काही दोष नाही हो. बसवणाऱ्याचं मन नव्हतं, एवढंच." हा शब्द बाईंच्या मनात रुतून बसला. तेव्हापासून त्या ज्योतीरामशी कामापुरतंच बोलायला लागल्या. ज्योतीरामलाही ते कळत होतं. तीन मेलेल्या इंजिनांतून एक जिवंत करताना तो दिवसभर नुसते पाने आपटायचा.

होळीच्या आधी दोन दिवस इंजिन जुळलं. पहिल्याच झटक्याला ते सुरू झालं तेव्हा कोंडाजीला रडूच यायचं बाकी होतं.

"मिस्तरी," तो म्हणाला, "ह्ये मरू द्यायचं न्हाई. आपण दोघांनी मिळून बघू. धूळ कुठनं जाते ती सापडलीच पायजे."

"सापडंल," ज्योतीराम म्हणाला. "मिसरात आमी एक करायचो. फिल्टरातनं इंजिनाकडं जी नळी जाती, तिच्या आतल्या अंगाला ग्रीसचा हात फिरवायचा. पिवळंधमक, ताजं ग्रीस. दिवसभर गाडी पळवायची आन् सांजच्याला नळी काढून बोट फिरवायचं. ग्रीस साफ असलं तर फिल्टर खरा. कचकच लागली तर धूळ आत गेली. त्यात कुणाचं गोड बोलणं चालत न्हाई."

ही युक्ती कोंडाजीला एवढी पटली की त्यानं स्वतःच बोटानं ग्रीस लावलं. नवा फिल्टर, ताजं ग्रीस, आणि ट्रक खाणीत उतरला. दिवसाला दहा-बारा खेपा. तळाशी दगड भरायचा, चढ चढायचा, भोसरीवरून पिंपरीला ओतायचा, परत यायचं. रस्ता कसला तो, पिठासारखा फुफाटा. पुढं एखादी गाडी असली की तिच्या मागं आंधळ्यासारखं चालवावं लागायचं. कोंडाजी जिवापाड जपून चालवत होता. खड्डा दिसला की हळू. चढाच्या पायथ्याशी आला की शेजारचं झाकण उचलून डावा हात आत घालायचा, इंजिन जरा मोकळं करायचं, मग पहिल्या गिअरात सावकाश वर. वर आल्यावर पुन्हा आवळून टाकायचं. या ट्रकचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या मांडीलाच लागून, पत्र्याच्या झाकणाखाली होतं, त्यामुळं बसल्या जागी हे सगळं व्हायचं. गाडीशी असं वागणारा ड्रायव्हर शोधून सापडला नसता, असं त्याला मनोमन वाटायचं, आणि वाटण्यात खोटं काही नव्हतं.

संध्याकाळी ज्योतीरामनं नळी काढली आणि बोट फिरवलं. ग्रीस करडं झालं होतं. त्यानं ते दोन बोटांत चोळलं, तर वाळूसारखी कचकच.

"बघा," तो म्हणाला. "त्या बरणीतली धूळ निम्मी, आन् निम्मी इंजिनात."

सहा दिवस रोज हेच. बाईंना बोलावून त्यानं ग्रीस दाखवलं. बाईंनी ते स्वतः चोळून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मग जुनं बसव," त्या म्हणाल्या, "आन् तुजं जुनं किती शानं हाय ते बी दाखव."

जुनं भांडं धुऊन, नवं तेल भरून बसवलं. ते बसायचं मात्र त्याच नळीवर, त्याच क्लिपनं. पहिल्या संध्याकाळी नळी काढली तर ग्रीस करडं. दुसऱ्या संध्याकाळीही करडं. ज्योतीरामचं तोंड बघण्यासारखं झालं. ज्या भांड्याच्या जोरावर तो उद्धवरावांशी आणि बाईंशी भांडला, त्यानंही दगा दिला होता. त्यानं भांडं खोललं, उन्हात धरून छिद्र शोधलं, जाळी पेट्रोलनं धुतली, खालचं रबर बदललं. तिसऱ्या संध्याकाळी तेच. आठवडा गेला, आणि चाकणपर्यंत बोलवा झाली की दुर्गाबाईंच्या खाणीची धूळच खाष्ट आहे, तिला कुठलाच फिल्टर पुरा पडत नाही.

कोंडाजी हटला नाही. "मिस्तरी, ग्रीस लावा," तो रोज सकाळी म्हणायचा. ज्योतीराम कंटाळला तरी हा कंटाळला नाही.

मग अवस आली. अवसेला खाणीत घण उचलत नाहीत, हा तिथला रिवाज. कामगार सुटीवर, खाण बंद. पण वर रस्त्याकडेला आधी काढून ठेवलेल्या दगडाचा ढीग होता आणि पिंपरीहून निकड लागली होती. बाईंनी चार माणसं भरायला दिली आणि कोंडाजीनं दिवसभर तोच ढीग ओढला. दहा खेपा केल्या. तोच फुफाट्याचा रस्ता, वरून वारं सुटलेलं. संध्याकाळी कोंडाजीच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

ज्योतीरामनं नळी काढली, बोट फिरवलं आणि तो थांबला. पुन्हा फिरवलं. मग बोट कोंडाजीसमोर धरलं. ग्रीस पिवळंधमक होतं, सकाळी लावलं तसं.

"धूळ तीच, भांडं तेच, नळी तीच," तो पुटपुटला. "आज येगळं काय झालं?"

"खाणीत उतरलो न्हाई," कोंडाजी म्हणाला.

"म्हंजे चढ न्हाई." ज्योतीराम उकिडवा बसला आणि डोकं खाजवायला लागला. "चढ न्हाई... चढाला गाडी तिरकी व्हती. आन् तिरकी झाली की..."

पुढचं कोंडाजीनं ऐकलं नाही. चढ नाही, म्हणजे आज दिवसभर त्याचा डावा हात एकदाही झाकणाखाली गेला नव्हता. चढाच्या पायथ्याशी तो इंजिन मोकळं करायचा, म्हणजे काय करायचा? क्लिप सैल करून ती नळीच फिल्टरपासून सोडवायचा. इंजिनाला फिल्टरातून ओढून हवा घ्यावी लागू नये, समोरून मोकळी मिळावी, म्हणून. आणि खाणीच्या चढावर, पुढच्या चाकांनी उडवलेल्या दगडाच्या पिठात, ते इंजिन उघड्या तोंडानं श्वास घेत वर यायचं. रोज दहा-बारा वेळा. वर आल्यावर नळी पुन्हा नीट लावलेली, त्यामुळं मिस्तरीला कधी काही दिसायचं कारणच नव्हतं. आणि आपण सांगण्यासारखं काही करतो आहोत, हे कोंडाजीच्या कधी मनातही आलं नव्हतं.

याला कारण होता हिऱ्या, त्यांच्या घरचा बैल. कोंडाजी एकोणीस वर्षांचा असताना कडब्याच्या गाड्यांची रांग घेऊन तो खिंडीतून येत होता. पुढच्या गाडीतला कडबा ओढू नये म्हणून बैलांच्या तोंडाला मुसकी बांधलेली. चढ लागला की गाडीवान उतरून मुसकं काढतो, बैलाला तोंड उघडून श्वास घेऊ देतो. निघोज्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्या दिवशी मागून घाई होती, कोंडाजी उतरला नाही, आणि हिऱ्या चढावर गुडघे टेकून पडला तो उठलाच नाही. कोंडाजीनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं की आपल्या हाताखालचा जीव यापुढं चढावर गुदमरणार नाही. ट्रक शिकल्यावर पहिल्याच चढाला इंजिन धापा टाकायला लागलं आणि त्याचा हात आपोआप त्या नळीकडं गेला. नळी सोडल्यावर इंजिनाचा आवाज खरंच मोकळा झाला, गाडी चट वर आली. आणखी काय पुरावा पाहिजे होता?

तिन्ही इंजिनं त्यानं मायेनं मारली होती.

"...म्हंजे माझाच सांधा कच्चा," ज्योतीराम म्हणत होता. "गाडी तिरकी झाली की क्लिप ढिली पडती. त्या उद्धवरावाचं खरंच म्हणायचं. बसवणाऱ्याची चूक." तो उठला, हात पुसले, आणि सरळ बाईंच्या खाटेकडं चालायला लागला. कोंडाजीला त्याला हाक मारायची होती. मारली नाही. आता खरं सांगितलं की स्टिअरिंग गेलं, एवढंच त्याला समोर दिसत होतं. लांबून त्यानं ज्योतीरामला खाली मान घालून बोलताना पाहिलं, बाईंचा हात रस्त्याकडं उठलेला पाहिला, आणि तो सायकल काढून निघोज्याकडं सुटला. स्वतःची एवढी शरम त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घरी त्यानं भाकरी पुढं घेतली आणि तशीच ठेवली. बायको शालनबाईनं दोनदा विचारल्यावर सगळं सांगितलं.

"मग मिस्तरीला काय केलं बाईनं?" तिनं विचारलं.

"काढला असंल."

"आन् तुमी गप बसलाव?"

"लायसन काय उगं काढलंय का मी? माझं स्टिअरिंग जातंय, कळतंय का तुला?"

"कळतंय," शालनबाई म्हणाली. "पर गप ऱ्हाऊन ऱ्हाईल तरी का? उद्या चढाला परत त्ये इंजिन धापा टाकंल, तवा काय करणार? नळी सोडणार, का न्हाई?"

नळी सोडली तर इंजिन मरणार, आणि न सोडता ते टिकलं तर मिस्तरीचा सांधा कच्चा नव्हता हे त्याच्या एकट्याच्या मनात आयुष्यभर राहणार. त्यानं भाकरी खाल्ली. सांगायचं ठरल्यावर भूक लागली.

सकाळी तो पोचला तेव्हा ज्योतीरामची पत्र्याची ट्रंक रस्त्याकडेला ठेवलेली होती आणि तो एसटीची वाट बघत उभा होता. कोंडाजीनं ती ट्रंक उचलून डोक्यावर घेतली आणि बाईंच्या खाटेपुढं आणून ठेवली. मागून ज्योतीराम "अवो, अवो" करत आला.

"बाई," कोंडाजी म्हणाला, "सांधा कच्चा न्हाई. क्लिप आपसूक ढिली व्हत न्हाई. मी ढिली करतो. चढाला दर खेपेला मी नळी सोडवतो, वर आल्यावं लावतो. तिन्ही इंजिनं मी मारली."

खाणीच्या तोंडाशी उभी असलेली माणसं जवळ सरकली. ज्योतीरामनं त्याच्याकडं असं पाहिलं की कोंडाजीला ते बघवलं नाही.

"का रं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"दम लागायचा त्याला." एवढंच सांगता आलं. मग त्यानं हिऱ्याची गोष्ट सांगितली, इतक्या माणसांपुढं. त्याची लाज त्यानं धरली नाही.

दुर्गाबाई उठल्या, नऊवारीचा काष्टा सारखा केला आणि ट्रककडं निघाल्या. "मिस्तरी, माझा तो बरणीचा फिल्टर बसव. ताजं ग्रीस लाव. कोंडाजी, तू चालव. मी शेजारी बसते. नळी सोडायची न्हाई. बघू दे मला काय व्हतं ते."

तळाशी ट्रक भरला, नेहमीपेक्षा चार दगड जास्तच. कोंडाजीनं पहिला गिअर टाकला आणि चढ सुरू झाला.

निम्म्यापर्यंत बरं गेलं. मग इंजिन कण्हायला लागलं. आवाज खोल झाला, जड झाला, गाडीचा वेग माणसाच्या चालीवर आला. पुढून पांढरं पीठ उठून काचेवर बसत होतं. कोंडाजीला वाटलं आता पडणार, आता गुडघे टेकणार. त्याचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि झाकणाकडं गेला. बाई बघत होत्या. हात झाकणावर टेकला. पत्रा तापलेला होता आणि खालून ते थरथरणं सगळं तळव्यात येत होतं. दोन बोटांचं काम होतं.

"न्हाई," तो मोठ्यानं म्हणाला, बाईंना नव्हे, स्वतःलाच. त्यानं हात उचलून स्टिअरिंगवर आणला, दोन्ही मुठी आवळल्या आणि दात खाऊन समोर बघत राहिला. इंजिन धापा टाकत राहिलं. ते धापा टाकत, कण्हत, पण न थांबता, गोगलगायीच्या चालीनं वर आलं. वर आल्यावर त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुळीनं आलं म्हणायला हरकत नव्हती, पण धुळीनं आलं नव्हतं.

दुपारपर्यंत तशाच सहा खेपा झाल्या. बाई सहाही खेपांना शेजारी बसल्या. मग ज्योतीरामनं सगळ्यांसमोर नळी काढली, आत बोट फिरवलं आणि ते बोट वर धरलं. पिवळंधमक.

"मग आता मला सरळ सांग," दुर्गाबाई ज्योतीरामला म्हणाल्या. "ह्या नव्याचा फायदा हाय का न्हाई?"

ज्योतीरामनं विचार करून उत्तर दिलं, कारण तो खोटं बोलणारा नव्हता. "हाय थोडा. जुनं रोज धुवावं लागतं, ह्ये चार दिसांनी धुतलं तरी चालंल. पर चढाला नव्यानं ताकद जरा कमी पडती, लांब नळीतनं हवा ओढायची म्हंजे. धूळ दोन्ही अडवत्यात, तोंड बंद ठेवलं तर."

"म्हंजे मला बरणीच विकली म्हण की उद्धवरावानं," बाई म्हणाल्या आणि हसल्या. त्यांच्या मागून सगळी खाण हसली. मग त्यांनी ज्योतीरामची ट्रंक स्वतः पायानं सरकवून खाटेखाली ढकलली. माफी मागायची त्यांची रीत तीच होती.

कोंडाजी हसला नव्हता. तो चावी हातात धरून उभा होता. बाईंनी हात पुढं केला आणि त्यानं ती त्यांच्या तळहातावर ठेवली.

"तुला मी काढत न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज पुन्हा हळू होता. "तू खरं बोललास, ते मी इसरनार न्हाई. पर ट्रक मिस्तरी चालवंल. तू उद्यापासनं गाडी जुप. माझी नवी खोंडं तुझ्याच हातात देते. त्यांना तुझी माया चालंल. इंजिनाला चालत न्हाई, कोंडाजी."

हे त्याला फार लागलं, पण त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं, कारण ते खरं होतं.

"गाडी जुपतो," तो म्हणाला. "पर फिल्टर रोज मी धुणार. दुसऱ्या कुणी धुवायचा न्हाई. आन् दसऱ्याला मी चावी मागाया येणार."

"ये की. देईन असं म्हनत न्हाई."

"म्हनू नका. मी येणार."

दुसऱ्या दिवशी ट्रक सुरू व्हायच्या आधी तो आला. बरणी उतरवून पुन्हा चढवलेलं जुनं भांडं खोललं, घासलेटनं धुतलं, तेल खुणेपर्यंत भरलं, नळी बसवली आणि क्लिप पान्यानं अशी आवळली की सुटायची झाली तर दोन माणसं लागावीत. मग खोंडं जुपून तो रस्त्याकडेला दगड भरायला लागला. थोड्या वेळानं ज्योतीराम भरला ट्रक घेऊन चढाला लागला. निम्म्यावर आल्यावर इंजिन कण्हायला लागलं, आणि तो आवाज खाणीच्या काठापर्यंत चढत आला. कोंडाजीच्या हातातला दगड हातातच राहिला. त्याला वाटलं धावत जावं.

खाटेवरून दुर्गाबाई त्याच्याकडंच बघत होत्या. "काय रं," त्यांनी विचारलं, "दम लागला व्हय त्याला?"

"लागला," कोंडाजी म्हणाला. दगड त्यानं नीट गाडीत ठेवला आणि दुसऱ्यासाठी वाकला. "लागू द्या."